खुर्ची कोणासाठी राखीव

एका खुर्चीच्या पाटीवर लिहायला एक शब्द हवा होता. तो शोधायला आमच्या इमारतीला पाच आठवडे लागले. एवढ्या अवधीत एखाद्या लहानशा देशाने राज्यघटना लिहून, मंजूर करून, तिच्यात पहिली दुरुस्तीही केली असती. पण त्या देशाला आमची आक्का बसवायची नसते.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती चौथ्या मजल्यावर एकटी राहते, मी आणि बायको तिसऱ्यावर. इमारतीला लिफ्ट नाही. बांधणाऱ्याने लिफ्टची जागा तेवढी सोडली होती, तिथे आता तुटक्या सायकली राहतात. आक्काचं वय अठ्ठ्याहत्तर. हा आकडा तिच्यासमोर उच्चारायची आमच्यात पद्धत नाही. टेलिफोन खात्यात ती पर्यवेक्षक होती. तीस-पस्तीस मुलींना ओळीने बसवून तिने गावागावांच्या तारा एकमेकींना जोडल्या, आणि त्यांच्यावर चालवलेला करडा आवाज निवृत्तीनंतरही खात्यात जमा केला नाही.

रोज संध्याकाळी ती खाली वाचनालयात जाते. जायला काही अडचण नव्हती. उतरणं हे कोणालाही जमतं. यंदा मात्र परत येताना दुसरा मजला तिला अडवायला लागला. तिथे आल्यावर ती थांबायची आणि वाकून चपलेचा पट्टा नीट करायची. तिच्या चपलांना पट्टा नाही. एके दिवशी कठडा धरून ती जरा जास्त वेळ वाकलेली राहिली. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापकांनी दार उघडलं, तिला पाहिलं, आणि शुद्ध चांगुलपणाने तिच्या मुलाला फोन केला. चांगुलपणाने जेवढी घरं उठली तेवढी भांडणाने उठली नसतील.

मुलगा, म्हणजे माझा भाचा, परगावी असतो. सरळ माणूस आहे. त्याने सांगितलं की पुढच्या महिनाअखेरच्या रविवारी तो येईल आणि आई चार जिने कशी चढते ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहील. झेपत नसेल तर सामान बांधायचं आणि त्याच्याकडे यायचं. खोली तयार होती. पलंगाशेजारी घंटीसुद्धा बसवून घेतली होती, काही लागलं तर वाजवायला. ती घंटी आक्काला लागली. मला म्हणाली, "आयुष्यभर मी लोकांच्या घंट्या उचलल्या. आता मी वाजवू आणि सून उचलेल?"

त्यानंतर ती काही बोलली नाही. पण दोन दिवस ती वाचनालयातही गेली नाही. आक्का दोन दिवस गप्प राहिली असं यापूर्वी एकदाच झालं होतं, आणि तेव्हा तिच्या घशाचं ऑपरेशन झालेलं होतं.

म्हणून मी खुर्ची आणायची ठरवली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक चांगली, हातांची, जड बुडाची खुर्ची ठेवायची. आक्काने पाच मिनिटं टेकायचं आणि पुढे निघायचं. बायको म्हणाली की तुम्हाला स्वतःला हवी असेल तर सरळ सांगा, बहिणीच्या आड कशाला लपता. मी तिला समजावलं की मी फक्त एकाहत्तर वर्षांचा आहे आणि मनात कसलाही विचार न आणता तिसरा मजला चढतो. यात खोटं काही नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत माझ्या मनात कसलाच विचार शिल्लक उरलेला नसतो.

खुर्ची आली. पहिल्या दिवशी तिच्यावर कोणाचं तरी हेल्मेट बसलं. दुसऱ्या दिवशी पार्सल पोहोचवणारा बसला आणि त्याने तिथूनच फोनवर सगळ्या इमारतीचे पत्ते विचारले. तिसऱ्या दिवशी आक्का वाचनालयातून परतली, तेव्हा चौथ्या मजल्यावरचा एक तरुण खुर्चीवर पाय पसरून घरच्यांना ऐकू जाऊ नये असं काहीतरी फोनवर बोलत होता. आक्का मान ताठ ठेवून त्याच्या पुढून गेली आणि वरच्या पायरीवर पट्टा नीट करायला बसली. खुर्ची कोणासाठी आहे हे लिहून ठेवायला हवं, हे त्या दिवशी सर्वांना पटलं. आणि आमचं वाटोळं व्हायला सुरुवात झाली.

पाटीचा मजकूर माझ्याकडे आला. मी विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात पस्तीस वर्षं होतो. माणसाला वाईट बातमी अशी द्यायची की त्याने उत्तरादाखल आभार मानावेत, हे आमचं काम. एक शब्द निवडणं मला कठीण जाईल असं वाटलं नव्हतं. मी 'वृद्धांसाठी राखीव' असं लिहून अध्यक्षांना दाखवलं.

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष चौऱ्याहत्तरचे आहेत, त्यांच्या मिशा चाळिशीच्या आहेत. त्यांनी कागद हातात धरला आणि लांब केला, मग आणखी लांब केला. ते म्हणाले की 'वृद्ध' वाचलं की पुढे आपोआप 'आश्रम' दिसतो, हे इमारतीच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. मग सभा बोलावली. पाण्याच्या टाकीला तडा गेला तेव्हा सभेला सहा माणसं आली होती. या सभेला चाळीस आली, आणि गच्चीतून खुर्च्या खाली आणाव्या लागल्या.

त्या सभेत आपल्या भाषेचं वैभव काय असतं ते मला कळलं. एका माणसाला म्हातारा ठरवण्यासाठी आपल्याकडे इतके शब्द आहेत, आणि त्यातला एकही कोणाला नको आहे. 'म्हातारा' हा शब्द घरच्या माणसाने मायेने म्हणायचा किंवा रस्त्यातल्या माणसाने शिवी म्हणून द्यायचा, खुर्चीने म्हणायचा नाही, असं ठरलं. 'वयस्कर' मी सुचवला. त्यावर पहिल्या मजल्यावरचे निवृत्त फौजदार म्हणाले की हा शब्द त्यांनी नोकरीत फक्त एकाच ठिकाणी वापरला, 'एक वयस्कर इसम बेवारस स्थितीत आढळून आला'. मी तो शब्द खोडला. 'साठी उलटलेले' म्हटल्यावर कोणाच्या तरी डोळ्यांपुढे घाटातला ट्रक आला. 'वडीलधारी मंडळी' जवळजवळ मंजूर झाला होता, पण मग बसणाऱ्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला चार शब्द उपदेशाचे सांगणं बंधनकारक आहे का, असा प्रश्न निघाला. तरुणांनी एकमुखाने विरोध केला. 'थकलेल्यांसाठी' लिहावं असं एका बाईंनी सुचवलं. त्या दोन नोकऱ्या आणि दोन मुलं सांभाळतात. त्या म्हणाल्या की असं लिहिलंत तर खुर्चीवरून मी उठणार नाही.

चौथ्या मजल्यावरची उत्साही मंडळी 'दुसऱ्या डावातले खेळाडू' असं म्हणू लागली. आक्काने एवढंच विचारलं, "पहिल्या डावात मला बाद कोणी केलं?"

प्राध्यापकांनी 'ज्ञानवृद्ध' सुचवला. त्यांचं म्हणणं, वय हे काही कर्तृत्व नव्हे, ते बसल्या बसल्या वाढतं, ज्ञान मात्र मिळवावं लागतं. मी म्हणालो की तसं असेल तर खुर्चीवर बसण्याआधी तोंडी परीक्षा घ्यावी लागेल. लोक हसले. प्राध्यापक हसले नाहीत. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच अडचणी मी केलेल्या विनोदांपासून सुरू झाल्या आहेत. हा त्यांतला महागडा.

दुसऱ्या सभेत, निव्वळ दमून, 'ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव' मंजूर झालं. हा सरकारी शब्द आहे. सरकारी शब्दाचा फायदा असा की तो कोणालाच आपला वाटत नाही, त्यामुळे कोणाला लागतही नाही. निदान मला तसं वाटलं होतं. पाटी रंगवणाऱ्याने मजकूर रंगवला आणि खाली काठी टेकणारा एक कमरेत वाकलेला माणूसही काढला. तो कोणी सांगितला नव्हता. तो म्हणाला, रिकामी जागा दिसली की मला राहवत नाही.

पाटी लागली आणि खुर्ची रिकामी झाली. साफ रिकामी. हेल्मेट गेलं, पार्सलवाला गेला, आणि ज्यांच्यासाठी पाटी होती तेही गेले. इमारतीत साठीच्या पुढचे अकरा जण आहेत. ते अकरा जण त्या आठवड्यात जिने जसे चढले तसे ते तारुण्यातही चढले नसतील. दुसऱ्या मजल्यावर आलं की प्रत्येकाची चाल वाढायची. खुर्चीकडे न बघता, गुणगुणत, हातातली पिशवी झुलवत लोक तिच्यापुढून जायचे. अध्यक्षांनी तर दोन दोन पायऱ्या एकदम घेतल्या, आणि चौथ्या दिवशी त्यांच्या पोटरीत काहीतरी कटकन वाजलं. पुढचे दहा दिवस ते लंगडत होते. विचारलं तर ही खेळातली दुखापत आहे असं सांगायचे.

आक्का खुर्चीपुढून जायची तेव्हा पाटीकडे पाठ करून जायची. मग तिसऱ्या मजल्याच्या आधी कठड्याला रेलून उभी राहायची, रंगाचे पोपडे तपासत. रविवारला दोन आठवडे उरले होते. मी तिला एकांतात म्हटलं की बस ना, कोण बघतंय. ती म्हणाली, "तू बसलास का?"

आता हे सांगायला नको, पण सांगतो. एकदा दुपारी जिन्यात कोणी नव्हतं. माझ्या हातात दळणाचा डबा होता. मी बसलो. इतकं सुख मला लग्नानंतर झालं नव्हतं. अर्ध्या मिनिटात वरून पावलं वाजली. मी झटकन उठलो, गुडघ्यांवर बसलो आणि खुर्चीचा पाय हलवून पाहू लागलो. चौथ्या मजल्यावरची नवी सून खाली येत होती. ती थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि फार गोड आवाजात म्हणाली, "आजोबा, उठायला मदत करू का?"

आदल्या दिवसापर्यंत मी तिचा काका होतो. एक पायरी वर चढवताना निदान अर्ज तरी मागवतात.

तिच्या हाताचा आधार न घेता उठण्यात माझी पुढची दोन मिनिटं गेली. ती शेवटपर्यंत थांबली होती.

त्याच आठवड्यात अग्निसुरक्षा खात्याचा निरीक्षक आला. जिन्यात अडथळा असल्याची तक्रार होती. तक्रारीची भाषा अत्यंत शुद्ध होती, त्यामुळे ती कोणी केली हे इमारतीत कोणालाही विचारावं लागलं नाही. निरीक्षकाने टेपने जिना मोजला, खुर्ची मोजली, पाटीवरच्या वाकलेल्या माणसालाही बहुधा मोजलं, आणि नोटीस चिकटवली. सात दिवसांत खुर्ची हलवा नाहीतर परवानगी आणा. सातवा दिवस शुक्रवारी येत होता. भाचा त्यानंतरच्या रविवारी.

परवानगीचा अर्ज एका पानाचा होता. सोसायटीचं नाव, खुर्चीची लांबी-रुंदी, सगळं ठीक. तळाशी लाभार्थ्याने सही करायची होती, आणि सहीच्या वर छापील वाक्य होतं: 'मी वार्धक्याने ग्रासलेला/ली असून जिना सलग चढण्यास असमर्थ आहे.' हे वाक्य कोणी रचलं ठाऊक नाही. आमच्या पत्रव्यवहार विभागात असता तर त्याची बदली झाली असती.

मी अर्ज घेऊन अकरापैकी दहा जणांकडे गेलो, अकरावा मी स्वतः होतो. अध्यक्ष दारापर्यंत लंगडत आले, वाक्य वाचलं आणि म्हणाले की तत्त्वतः त्यांचा पाठिंबा आहे. फौजदारांनी सही करण्याआधी वकिलाला विचारावं लागेल असं सांगितलं. एका गृहस्थांनी 'असमर्थ' खोडायला सांगितलं, त्यांच्या बायकोने 'ग्रासलेली' खोडायला सांगितलं. दोघांचं ऐकलं असतं तर वाक्यात 'मी' आणि 'जिना' एवढेच उरले असते. तळमजल्यावरच्या आजी मात्र आनंदाने सही करायला तयार होत्या. पण त्यांना जिनाच लागत नव्हता.

शेवटी आक्का. तिने चष्मा लावला, अर्ज दोनदा वाचला, घडी घातली आणि माझ्या खिशात परत ठेवला. म्हणाली, "ह्याच्यावर सही केली तर रविवारी त्याला जिना दाखवायची गरजच नाही. हाच कागद दाखव."

तिचं बरोबर होतं, हीच अडचण होती. खुर्ची नसेल तर तिला चढता येत नव्हतं, आणि खुर्ची मिळवायची तर चढता येत नाही असं लिहून द्यायचं होतं.

शुक्रवारी मी कोरा अर्ज घेऊन कार्यालयात गेलो. वाटलं, समोरासमोर समजावून सांगू. ज्येष्ठांसाठीची खास खिडकी दुसऱ्या मजल्यावर होती. मध्ये वळणावर टेकायला काही नव्हतं, म्हणून मी आग लागल्यास काय करावे हा भिंतीवरचा फलक फार बारकाईने वाचला. आता माझ्यासारखा जाणकार त्या विषयात नसेल.

खिडकीमागे पन्नाशीच्या एक बाई होत्या. त्यांनी अर्ज पाहिला आणि लाभार्थी कुठे आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, लाभार्थी आहेत, पण सही करणार नाहीत. त्या म्हणाल्या, मग लाभार्थी नाहीत. मी त्यांना आक्काचं सगळं सांगितलं, रविवारचंही सांगितलं. त्यांनी ते मन लावून ऐकलं. त्यांचीही आई तिसऱ्या मजल्यावर राहते, असं त्या म्हणाल्या. पण सहीच्या रकान्यात सहानुभूती चालत नाही, आणि खिडकी एक वाजता बंद होते. घड्याळात एकला सात मिनिटं कमी होती.

त्या सात मिनिटांतली पाच मी कशी घालवली ते मला आठवत नाही. सहाव्या मिनिटाला मी बाईंचं पेन मागितलं आणि त्या छापील वाक्याखाली सही केली. वळणदार, पूर्ण, तारखेसकट. पस्तीस वर्षांत मी हजारो सह्या केल्या, पण सगळ्या दुसऱ्यांच्या वाईट बातमीखाली.

वयाचा दाखला मी खिशातून काढून पुढे केला. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तो परत सरकवला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "शंका असेल तिथेच आम्ही मागतो."

शिक्का बसला. नियमाप्रमाणे परवानगीचा मजकूर जसाच्या तसा जागेवर लावायचा होता. रंगवणाऱ्याने त्याच संध्याकाळी तो रंगवला: 'सदर खुर्ची तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका वृद्ध इसमाच्या सोयीसाठी ठेवण्यात आलेली असून ती हलवू नये.' खालचा वाकलेला माणूस त्याने तसाच ठेवला. फक्त त्याच्या डोळ्यांवर चष्मा रंगवला. माझ्यासारखा.

शनिवारी सकाळी मी खाली गेलो तर खुर्चीवर अध्यक्ष बसले होते. पोटरी चोळत, अगदी ऐसपैस. मला पाहून ते उठले नाहीत. म्हणाले, तुमच्यासाठी आहे म्हणून जरा मजबुती बघत होतो. अकराच्या सुमारास फौजदार बसले, त्यांना पाटी नीट वाचायची होती. दुपारी प्राध्यापकसुद्धा बसले. 'इसमाच्या' हे बरोबर की चूक यावर विचार करायला त्यांना पाव तास लागला. आता खुर्चीवर बसणारा म्हातारा नव्हता. म्हातारा ठरलेला होता, त्याचा मजला पाटीवर होता, आणि बाकी सगळे फक्त बसत होते.

संध्याकाळी आक्का वाचनालयातून आली. मी वरच्या कठड्याआडून पाहत होतो. ती थांबली, आणि जुन्या आवाजात तिने पाटी पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचली. मग आजूबाजूला पाहिलं आणि बसली. सात मिनिटं बसली. उठली ती थेट चौथ्या मजल्यावर.

रविवारी भाचा आला. आईच्या मागे मागे, दोन्ही हात पसरून, गोलरक्षकासारखा तो जिना चढत होता. मी आमचं दार किलकिलं करून ऐकत होतो. दुसऱ्या मजल्यावर आक्का बसली. भाच्याने लगेच विचारलं, "आई, दम लागला ना?"

"मला कशाला लागतोय," आक्का म्हणाली. "ही मामाची खुर्ची. वाच पाटी. त्याला हल्ली जिना होत नाही. मी येता-जाता बसून बघते, हलत-बिलत नाही ना. या वयात पडला म्हणजे संपलंच."

मी दार उघडून बोलू शकलो असतो. दाराच्या कडीवर हात होता. आक्काचा श्वास हळूहळू जागेवर येताना मला ऐकू येत होता, आणि भाचा पाटी वाचत असल्याने त्याला येत नव्हता. मी कडीवरून हात काढला.

ती उरलेले दोन जिने न थांबता चढली. अर्ध्या तासाने भाचा आमच्याकडे चहाला आला. त्याचा चेहरा मोकळा झाला होता. आई ठणठणीत आहे, उगाच घाबरलो, तिला इथेच राहू दे, असं त्याने बायकोला सांगितलं. मग खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि एकेक शब्द सुटा करून, बराच मोठ्याने म्हणाला, "मामा, कसं वाटतंय आता?"

मी बरा आहे म्हटलं. त्याने मान हलवली. अशा माणसांचं ऐकून घ्यायचं असतं, तशी. निघताना बायकोला दाराशी थांबवून तो हळू आवाजात म्हणाला की मामी, यांना एकट्यांना फार लांब पाठवत जाऊ नका. बायकोने होकार दिला. तिने तो इतक्या गंभीरपणे दिला की मी तिच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भाजीची पिशवी घेऊन वर येत होतो. खुर्चीवर आक्का होती, मांडीवर वाचनालयाचं पुस्तक. मी समोर येऊन उभा राहिलो. ती उठली नाही. मी नेहमीप्रमाणे तोंड मिटून, नाकातून, कोणाला कळणार नाही असा श्वास घेत होतो. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

आक्काने पुस्तकातून वर पाहिलं.

"टाक की मोकळ्या धापा," ती म्हणाली. "तुझा तर आता कागद आहे."

मी पिशवी खाली ठेवली, कठडा धरला आणि रीतसर परवानगी मिळालेल्या माणसासारख्या दणदणीत धापा टाकल्या. दुसऱ्या मजल्यावरची दोन दारं उघडून मिटली. तेवढ्या आवाजात आक्कानेही आपल्या तीन-चार टाकून घेतल्या.